सही कोणाची होती? कोरोनातल्या निर्णयांवर तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की कोरोनातला कोणता निर्णय तुम्हाला अजूनही समजला नाही ते कळवा, आणि मग पत्रं, मेल, व्हॉट्सॲप मिळून इतकं काही आलं की संपादक म्हणाले डॉक्टर, आता तुम्हीच निस्तरा. मी पीएसएमवाला (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक) माणूस, म्हणजे ज्या विषयाच्या लेक्चरला एमबीबीएसची पोरं झोपा काढतात तो विषय आयुष्यभर शिकवला. साथ आली तेव्हा मात्र सगळ्यांना अचानक आमची आठवण झाली. आलेल्यातले काही प्रश्न घेतोय, सगळे नाही जमणार. नावं मुद्दाम छापत नाही, फक्त नागपुरातला मोहल्ला.

प्रश्न : २०२० च्या उन्हाळ्यात रात्री अकराला मोबाईलवर गोल शिक्क्याची पीडीएफ यायची, सकाळी दुकान उघडायला गेलो का दुसरी पीडीएफ. माझा साळा वाडीले राहते, त्याचं शटर उघडं अन् माझं अर्धं पाडलेलं. मुंबई एक सांगून राहिली, महापालिका दुसरं, पोलीस तिसरं. खरा मालक होता तरी कोण? (कापड दुकानदार, इतवारी)

भाऊ, मालक एक नव्हताच, तीन-चार होते आणि प्रत्येकाकडे कायद्याचा वेगळा कागद होता. पहिला कागद १८९७ चा साथरोग कायदा. मुंबईत प्लेग आला म्हणून इंग्रजांनी घाईघाईत केलेला, उणीपुरी चार कलमं. सरकारला वाटेल ते नियम करता येतात आणि ते न पाळणाऱ्याला शिक्षा होते, एवढंच त्यात आहे, लोकांना काय मिळालं पाहिजे त्याबद्दल अवाक्षर नाही. हाच जोर दाखवत त्या वर्षी पुण्यात घराघरात शिरून झडत्या झाल्या, त्यातून रँडचा खून झाला, टिळक तुरुंगात गेले, हे शाळेत शिकलोय आपण. त्याच प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या, १० मार्च १८९७. म्हणजे साथीत राजकारण घुसलं असं जे लोक म्हणतात ना, अहो, तो कायदाच मुळात राजकारणातून आलाय.

दुसरा कागद २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, जो मुख्यत: भूकंप, पूर, वादळ डोळ्यांसमोर ठेवून केला होता. २४ मार्च २०२० चा देशव्यापी लॉकडाऊन याच्यावर लागला. यात वर पंतप्रधान अध्यक्ष, राज्यात मुख्यमंत्री, जिल्ह्यात जिल्हाधिकारी. गंमत म्हणजे जिल्हा प्राधिकरणात निवडून आलेला सहअध्यक्ष असावा असं कायद्यात आहे, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. तुम्ही तेव्हा कधी त्यांच्या सहीची पीडीएफ पाहिली? मी तर नाही पाहिली.

आणि याच्याही वर घटना बसलीय, तिच्या सातव्या परिशिष्टात सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने हा राज्याचा विषय आहे, एका राज्यातून दुसऱ्यात रोग पसरू नये ते बघणं दोघांचं, बंदरावरचं क्वारंटाईन फक्त केंद्राचं. आता ही वाटणी करताना विमानानं दोन दिवसांत जगभर फिरणाऱ्या विषाणूचा विचार कोणी केला असेल म्हणता.

तर आता तुमचा साळा. महापालिकेच्या हद्दीत आयुक्तांचा आदेश, वाडी नगर परिषद म्हणून तिथे जिल्हाधिकाऱ्यांचा. कामठीत तर अजून मजा, गावाला नगर परिषद आणि छावणीचा भाग संरक्षण खात्याच्या कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे. मग १५ ते २१ मार्च २०२१ चा लॉकडाऊन पालकमंत्री नितीन राऊतांनी जाहीर केला तेव्हा हद्द धरली पोलीस आयुक्तालयाची, ती महापालिकेच्या हद्दीशी जुळत नाही. तीन खात्यांचे तीन नकाशे, आणि विषाणू अमरावती रोडनं सरळ चालत चाललेला. तुम्ही चुकला नव्हता, तुमचं दुकान चुकीच्या नकाशात होतं एवढंच.

प्रश्न : एप्रिल २०२१ मध्ये वडिलांना घेऊन आम्ही सहा तास फिरलो. एका ठिकाणी म्हणाले तिकडे जा, तिकडचे म्हणाले हे आमच्याकडे येत नाही. सगळे सरकारीच ना? मग एकमेकांना फोन का नव्हते करत? (हनुमाननगर)

वडिलांचं पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलं नाही, मीही विचारत नाही.

सगळे सरकारी, पण सरकार म्हणजे एक घर नाही हो, चाळ आहे. मेडिकल आणि मेयो ही दोन मोठी रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण खात्याची, म्हणजे कागदोपत्री ती कॉलेजं आहेत, रुग्ण हा शिकवण्याचा भाग. डागा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याचं. महापालिकेचे दवाखाने महापालिकेचे, आणि महापालिका नगरविकास खात्याच्या हाताखाली. गावातली प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे. मिहानमधलं एम्स थेट दिल्लीचं. खाजगी हॉस्पिटलं वेगळीच. एका शहरात इतके मालक, प्रत्येकाची औषधखरेदी वेगळी, बदल्या वेगळ्या, बजेटचं हेड वेगळं. साथीत एक बेड रिकामा आहे की नाही हे कळायला या सगळ्यांनी एकाच डॅशबोर्डवर खरा आकडा भरायला पाहिजे, आणि खरा आकडा भरला की रात्री दोनला आमदाराच्या पीएचा फोन येणार हे भरणाऱ्याला माहीत असतं, मग तो चार बेड हातचे राखतो. मी त्याला शिव्या घालणार नाही, त्याच्या जागी मीही राखले असते.

माझ्या भाच्यासाठी त्याच महिन्यात मी स्वत: फोन फिरवले. तीस-पस्तीस वर्षं याच लायनीत काढलेला माणूस, निम्मे वरिष्ठ माझे विद्यार्थी. बेड मिळाला तेव्हा गेटवरचा वॉचमन मला म्हणाला, सर ऑक्सिजन तुमचा तुम्ही आणला का. मी टाटा एसमधून आणलेलं ते जम्बो सिलिंडर उतरवताना त्याच्या वॉल्व्हवर कोणीतरी मार्करनं 'मावशी, खाट ७' लिहिलेलं होतं, ती मावशी कोण आणि तिचं काय झालं कोण जाणे. हॉस्पिटलचं नाव काय करायचंय, त्या आठवड्यात सगळीकडे तेच होतं.

ऑक्सिजनचं म्हणाल तर तो निर्णय नागपुरात होतच नव्हता. आपल्याला मोठा पुरवठा भिलाईहून यायचा. औद्योगिक ऑक्सिजन दवाखान्यांकडे वळवला तेव्हा कोणत्या राज्याला किती हे केंद्र ठरवायचं, आणि भिलाईचा कोटा ११० टनांवरून ६० वर आणला तेव्हा हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला मध्ये पडावं लागलं. विशाखापट्टणमहून पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस आली २३ एप्रिलला, सात टँकर, त्यातले तीन नागपुरात उतरले आणि चार नाशिकला गेले. ही तीन-चारची वाटणी कोणत्या खोलीत, कोणत्या हिशोबानं झाली हे मला वाचायला आवडलं असतं. कदाचित अगदी योग्य हिशोब असेल. पण तो लोकांना दाखवला असता तर अर्ध्या अफवा जागच्या जागी मेल्या असत्या.

प्रश्न : रेमडेसिविरनं जीव वाचत नाही असं डब्ल्यूएचओ आधीच म्हणत होतं ना? मग कलेक्टर ऑफिससमोर रांगा कशाला लावल्या, कोर्टानंही आदेश का दिला? (एमबीबीएस तिसरं वर्ष, मेडिकल चौक)

शाब्बास, पीएसएमच्या लेक्चरला जागा दिसतोस.

थोडं नीट सांगतो. डब्ल्यूएचओनं २० नोव्हेंबर २०२० ला रेमडेसिविर वापरू नका अशी सशर्त शिफारस केली होती, कारण त्यांच्या मोठ्या चाचणीत मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नव्हतं. अमेरिकेतल्या एका चाचणीत बरं व्हायचे दिवस कमी झाले होते. नंतर, २०२२ मध्ये, सुरुवातीच्या टप्प्यातल्या जोखमीच्या रुग्णांसाठी डब्ल्यूएचओनंच ते परत मान्य केलं. म्हणजे औषध अगदीच फालतू नव्हतं, पण एप्रिल २०२१ मध्ये आपण ज्या स्टेजच्या रुग्णासाठी मंगळसूत्र गहाण ठेवत होतो तिथे त्याचा भरवसा नव्हता. जीव वाचवतं असं ज्याचं पक्कं सिद्ध झालं होतं ते डेक्सामेथासोन, एक साधं स्टिरॉईड, जून २०२० पासून माहीत, ऑक्सिजनवरच्या रुग्णात मृत्यू पाचव्या हिश्शानं आणि व्हेंटिलेटरवरच्यात तिसऱ्या हिश्शानं कमी. किंमत चहापेक्षा कमी. त्याच्यासाठी कोणत्या नेत्यानं फोटो काढला? स्वस्त औषधाला वशिला लागत नाही आणि ज्याला वशिला लागत नाही त्यात राजकारणाला काही मिळत नाही. (तेच डेक्सा मग लोकांनी मनानं भरमसाट घेतलं, शुगर वाढली, आणि म्युकरमायकोसिसनं, म्हणजे काळ्या बुरशीनं, नागपुरात किती जणांचे डोळे-जबडे काढावे लागले, ती वेगळी कथा.)

आता साखळी बघ. डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहिलं, कारण नाही लिहिलं आणि रुग्ण गेला तर नातेवाईक म्हणणार लिहिलं का नाही. नातेवाईक नगरसेवकाकडे गेला, तो नाही कसा म्हणेल. नगरसेवक आमदाराकडे, आमदार कलेक्टरकडे. कलेक्टरनं हे औषध उपयोगाचं नाही असं म्हटलं तर दुसऱ्या दिवशी पेपरात साहेब निर्दयी. शेवटी प्रकरण खंडपीठापर्यंत गेलं आणि १९ एप्रिल २०२१ ला नागपूरसाठी १०,००० व्हायल (इंजेक्शनच्या कुप्या) लगेच द्या असा आदेश झाला. कोर्टासमोर प्रश्न होता वाटप न्याय्य आहे का, मुंबई-पुण्याला जास्त आणि नागपूरला कमी का, आणि त्याचं उत्तर कोर्टानं दिलं. औषध चालतं का, हा प्रश्न त्या खोलीत कोणी विचारलाच नव्हता. त्या पूर्ण साखळीत एकही माणूस मूर्ख नव्हता हे मुद्दाम सांगतो. प्रत्येकाला फक्त नाही म्हणणारा पहिला माणूस व्हायचं नव्हतं.

प्लाझ्माचंही बघ, म्हणजे बऱ्या झालेल्याच्या रक्तातला द्रव आजाऱ्याला द्यायचा, ते तर आपल्या घरचं. २९ जून २०२० ला मुख्यमंत्र्यांनी प्रोजेक्ट प्लॅटिना सुरू केला, जगातली सगळ्यात मोठी प्लाझ्मा चाचणी म्हणून, ५०० रुग्णांची, आणि सूत्रं आपल्या मेडिकलकडे. अभिमान वाटलाच, मलाही वाटला. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, ३९ हॉस्पिटलांतली ४६४ रुग्णांची चाचणी ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आली, फायदा शून्य. तरी राष्ट्रीय गाईडलाईनमधून प्लाझ्मा निघायला १७ मे २०२१ उजाडलं. मधल्या सात महिन्यांत लोक फेसबुकवर बी पॉझिटिव्ह डोनर शोधत रात्री जागले. चाचणी सुरू करायला समारंभ असतो बाबा, बंद करायला रिबीन नसते.

प्रश्न : भाज्या साबणानं धुतल्या, दुधाच्या पिशव्या धुतल्या, रस्त्यावर टँकरनं फवारणी झाली. याचा काही उपयोग झाला का हो? (गृहिणी, नंदनवन)

भाज्या स्वच्छ झाल्या, ताई.

डब्ल्यूएचओनं २८ मार्च २०२० ला ठणकावून सांगितलं होतं की कोरोना हवेतून पसरत नाही, आणि बंद खोलीतल्या हवेतून पसरतो हे त्यांच्या वेबसाईटवर साध्या भाषेत यायला एप्रिल २०२१ चा शेवट लागला. मधल्या वर्षभरात जगभर सगळे फडकं घेऊन दारांच्या कड्या पुसत होते. विज्ञानाच्या संस्थाही संस्थाच असतात, एकदा बोललेलं मागे घेणं त्यांनाही जड जातं. माणसांवर फवारणी करू नका असं आपल्या आरोग्य मंत्रालयानं १८ एप्रिल २०२० ला सांगितलं होतं. पण टँकर रस्त्यावरून जाताना दिसतो, वास येतो, नगरसेवक पुढे उभा राहून व्हिडिओ काढू शकतो. खिडकी उघडा याचा व्हिडिओ कसा काढणार, आणि मे महिन्यात नागपुरात कूलर लावून बसलेल्या माणसाला खिडकी उघडा असं सांगणाऱ्याला कोण मत देणार.

प्रश्न : बार ५ ऑक्टोबर २०२० ला उघडले. माझ्या शाळेतली पाचवी-सहावीची पोरं वर्षानंतरही घरीच. एकाच मोबाईलवर तीन भावंडं. मला आजही राग येतो. हा निर्णय कोणत्या शास्त्रात बसतो? (शिक्षिका, उत्तर नागपूर)

मॅडम, तुमचा राग जाऊ देऊ नका.

शास्त्रात नाही बसत, हिशोबात बसतो. जीएसटी आल्यापासून राज्यांच्या हातात स्वत:चे म्हणावेत असे फार थोडे कर उरले, त्यात दारूचं उत्पादन शुल्क मोठं, दारू जीएसटीच्या बाहेर आहे. लॉकडाऊनमध्ये जीएसटी आटला, भरपाईसाठी केंद्राशी भांडण चालू, पगार तर द्यायचे होते, तुमचेही त्यात आले. त्यामुळे दारूचं दुकान हे महसूल खात्याच्या डोळ्यांनी बघितलं तर अत्यावश्यक सेवाच होतं. मी समर्थन करत नाहीये, फायलीवर ते कसं दिसत असेल ते सांगतोय. हॉटेलवाल्यांची संघटना आहे, ती मंत्र्याला भेटते. देवळांसाठी आंदोलनं झाली, राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, आणि १६ नोव्हेंबर २०२० ला दिवाळी पाडव्याला देवळं उघडली. पाचवीतल्या पोराची संघटना नाही, मत नाही, तो कर भरत नाही. आणि खरं सांगायचं तर पालकांनाही भीती होती, शाळा उघडा म्हणून मोर्चा काढणारे किती होते? सरकारला सगळ्यात सोपा निर्णय तोच असतो ज्याच्यावर कोणी चिडत नाही, किंवा चिडणाऱ्याचा आवाज मंत्रालयापर्यंत पोचत नाही.

त्यात एक अजून बघा. जुलै २०२१ मध्ये आयसीएमआरच्या प्रमुखांनी जाहीर सांगितलं की उघडायच्याच तर आधी प्राथमिक शाळा उघडा, लहान मुलं हा विषाणू जास्त चांगला पेलतात. चौथ्या सिरो सर्व्हेत (किती जणांना संसर्ग होऊन गेला ते रक्तावरून बघणारी पाहणी) सहा ते सतरा वयाच्या निम्म्याहून जास्त मुलांत ॲन्टिबॉडी सापडल्या होत्या. आपण काय केलं? ४ ऑक्टोबर २०२१ ला शहरात आठवी ते बारावी उघडली, गावात पाचवी ते बारावी. सगळ्यात लहान सगळ्यात शेवटी. याला कारण असेल, मोठी पोरं मास्क नीट लावतात, दहावी-बारावीची बोर्डाची परीक्षा आहे, असं काहीतरी. पण मग ते लिहा ना आदेशात. आदेशाची भाषा कायम एकच, 'प्रादुर्भाव रोखण्यासाठी'. बार उघडायला तेच वाक्य, शाळा बंद ठेवायला तेच वाक्य.

आमच्या कामवाल्या बाईंची मुलगी तेव्हा चौथीत होती. परत शाळेत गेली ती सहावीत, आणि तिला 'क्ष' लिहिता येत नव्हता, ते अक्षर ती मोबाईलवर टाईप करायची. गोष्ट छोटी आहे, पण माझ्या मनातून जात नाही.

प्रश्न : मुंढे साहेब बरोबर होते का नगरसेवक? आमच्या घरी यावर आजही भांडण होते. (महाल)

होऊ द्या भांडण, जेवण झाल्यावर करा फक्त.

मी माणसांबद्दल बोलणार नाही, खुर्चीबद्दल बोलतो. आयुक्त राज्य सरकार नेमतं, नगरसेवक तुम्ही निवडता. २०२० मध्ये राज्यात महाविकास आघाडी आणि महापालिकेत भाजप. तुकाराम मुंढे आयुक्त म्हणून जानेवारीत आले, जूनमध्ये सभागृह सोडून गेले ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, ऑगस्टच्या शेवटी बदली झाली, तीही पहिली लाट नागपुरात चढत असताना. सतरंजीपुरा-मोमीनपुऱ्यात टिनाचे पत्रे ठोकून गल्ल्या बंद केल्या, शेकडो लोक आमदार निवासात आणि इतर ठिकाणी क्वारंटाईनला नेले, तेव्हा अर्धं शहर म्हणालं असाच अधिकारी पाहिजे, आणि ज्यांच्या दारावर पत्रे होते त्यांचं मत कोणी विचारलं नाही. तिथला नगरसेवक हा एकच माणूस होता ज्याला कोणत्या घरात डायबेटिसची म्हातारी आहे, कोणाला इन्सुलिन आणून द्यायचं हे ठाऊक होतं. त्याला बाजूला ठेवलं की आदेश झपाट्यानं निघतो पण गल्लीत उतरत नाही. आणि उलट, सगळं सभागृहावर सोडलं असतं तर पहिला कंटेनमेंट झोन कोणाच्या प्रभागात टाकायचा यावर तीन सभा झाल्या असत्या, हेही तितकंच खरं. मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकच राहिला, तेव्हा तुमच्या घरातलं भांडण तसं आपोआपच एका बाजूनं निकालात निघालं होतं.

आणि हो, विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. २०२० आणि २०२१, दोन्ही वर्षी नागपूरला झालंच नाही, मुंबईला उरकलं. विदर्भातल्या बेडचा, ऑक्सिजनचा प्रश्न सभागृहात मांडायची आपली जी एक हक्काची जागा होती तीच नेमकी त्या दोन वर्षांत नव्हती. आमदार निवासात आमदार नव्हते, क्वारंटाईनमधले लोक बाल्कनीत कपडे वाळत घालत होते.

प्रश्न : मला दुसरा डोस ८४ दिवसांनी सांगितला, पोराला परदेशात शिकायला जायचं होतं तर त्याला २८ दिवसांत. पासपोर्ट पाहून शरीर बदलते का? (निवृत्त बँक कर्मचारी, त्रिमूर्तीनगर)

प्रश्न इतका नेमका आहे की उत्तराची गरजच नाही, पण सांगतो. कोव्हिशील्डचं अंतर आधी २८ दिवस, मार्च २०२१ मध्ये सहा ते आठ आठवडे, १३ मे २०२१ ला बारा ते सोळा. अंतर वाढवलं की प्रतिकारशक्ती चांगली येते याला ब्रिटनचा आधार होता, खोटं नव्हतं. पण तो आधार आठवला कधी, तर लस संपली तेव्हा. त्याच आठवड्यात महाराष्ट्रानं १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवून होती ती लस वयस्करांकडे वळवली होती. शिफारस करणाऱ्या तज्ज्ञ गटातल्याच काही जणांनी नंतर माध्यमांना सांगितलं की आमचं एकमत आठ ते बारा आठवड्यांपर्यंत होतं, सरकारनं हा दावा फेटाळला.

माझं म्हणणं, सरळ सांगायला हवं होतं की लस कमी आहे, एक डोस जास्त लोकांना देतो, यात शास्त्र आपल्या विरोधात नाही. लोकांना समजलं असतं, आपण रेशनच्या रांगेत वाढलेली माणसं आहोत. आणि कमी का पडली, तर १ मेपासून राज्यांनी स्वत: विकत घ्या असं धोरण आलं होतं, तीच कोव्हिशील्ड केंद्राला १५० रुपयांना, राज्याला ३०० ला, खाजगीला ६०० ला. सुप्रीम कोर्टानं ताशेरे मारल्यावर ७ जूनला ते मागे घेतलं.

प्रश्न : किती माणसं गेली खरी? (वाचक, मानेवाडा)

२०२१ संपेपर्यंत देशाचा अधिकृत कोरोना आकडा सुमारे ४.८ लाख. डब्ल्यूएचओचा अंदाज दोन वर्षांत ४७ लाख जादा मृत्यू, भारत सरकारला तो मान्य नाही. सरकारच्याच जन्म-मृत्यू नोंदणीत २०१९ ला ७६.४ लाख मृत्यू, २०२० ला ८१.२ लाख, २०२१ ला १ कोटी २ लाख. वाढलेले सगळे कोरोनाचे नाहीत, नोंदणीही सुधारलीय, पण एका वर्षात वीस लाखांची उडी नुसत्या नोंदणीनं येत नाही. आणि २०२१ चा हा आकडा बाहेर आला २०२५ मध्ये. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर ५०,००० रुपयांची मदत आली, तेव्हा टेस्टपासून ३० दिवसांत मृत्यू झाला तर कोरोनाचा धरा असं ठरलं. ज्याची टेस्टच झाली नाही त्याच्या घरच्यांनी काय कागद आणायचा होता?

प्रश्न : हे सगळं आता विचारायचं कोणाले? (इतवारीचे तेच दुकानदार, दुसरी चिठ्ठी)

भाऊ, माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. आदेशाची प्रत मागू नका, ती तुमच्या मोबाईलमध्ये आहेच. त्या आदेशाच्या फायलीवरची टिपणी मागा, म्हणजे खालच्या क्लार्कपासून वरपर्यंत कोणी काय लिहिलं, कोणी हरकत घेतली, कोणी 'चर्चा केली' एवढंच लिहून सही ठोकली. फायलीवरची टिपणी द्यावी लागते. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे.

मीही एक अर्ज टाकलाय, आमच्या भागातली एक गल्ली कोणत्या कारणानं २८ दिवस बंद होती यासाठी. पहिल्या ऑफिसचं पत्र आलं की सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नसल्याने अर्ज वर्ग करण्यात येत आहे. दुसऱ्याचंही आलं, शब्द न् शब्द तोच, फक्त सही वेगळी. तिसऱ्याची वाट बघून राहिलो.